ग्रंथातील चित्रे आणि चित्रकाराचा संसार
(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शंभर वर्षे अखंड चाललेल्या वाचनालयात बोलावयाचे म्हणजे एखाद्या थोर ग्रंथकाराविषयी बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. आज मी तो थोडा मोडणार आहे. ज्याचे नाव ग्रंथाच्या पाठीवर छापले जात नाही, वाचनालयाच्या कार्डावर लिहिले जात नाही आणि ज्याचे काम मात्र वाचक ग्रंथ हाती घेताच सर्वांत आधी पाहतो, अशा माणसाविषयी मला बोलावयाचे आहे. तो म्हणजे ग्रंथातील चित्रे काढणारा चित्रकार.

मी मराठीचा अध्यापक आहे. आम्ही वर्गात कवीचे काव्य शिकवतो तेव्हा त्याचे चरित्रही सांगतो. केशवसुतांनी शिक्षकाच्या नोकऱ्या कशा केल्या, १९०५ साली हुबळीस प्लेगने त्यांचा अंत कसा झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. काव्य आणि जीवन यांचा काही संबंध असतो, असे आपण गृहीत धरतो. चित्रकाराच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला सुचतही नाही. तो कुठून आला, त्याचा संसार कसा होता, नोकरी कोणती होती, आणि या सर्वांचा त्याच्या रेषेवर काय परिणाम झाला, हे आपण विचारीत नाही. आज हा प्रश्न मी रावबहादुर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्या निमित्ताने विचारणार आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. ज्ञाती पाठारे प्रभू. म्हणजे समाज मुंबईचा आणि बालपण करवीरचे, असा हा योग. ज्या वयात डोळा घडतो त्या वयात त्यांच्या भोवती कोल्हापूर होते. संस्थानचा दरबार होता, अंबाबाईचा उत्सव होता, रस्त्यावरून चालणारी नाना जातींची, नाना वेषांची माणसे होती. बेळगावकरांना हे वातावरण समजावून सांगण्याची गरज नाही. कोल्हापूर आपल्याला शेजारघरासारखे आहे.

१८९० च्या जानेवारीत, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. जॉन ग्रिफिथ्स तेव्हा तेथे प्रिन्सिपॉल होते. हे स्थलांतर नुसते गावाचे नव्हते. कोल्हापुरात चित्रकाराला आश्रय म्हणजे राजाश्रय. मुंबईत त्याच्यापुढे दुसरे जग होते: सरकारी शाळा, परीक्षा, प्रदर्शने, पदके, छापखाने, पुस्तकविक्रेते आणि चित्र विकत घेणारा मध्यमवर्ग. कोल्हापूरचेच थोर चित्रकार आबालाल रहिमान हेही याच शाळेत शिकले. परंतु ते परत फिरले आणि कोटितीर्थाच्या परिसरात एखाद्या फकिराच्या वृत्तीने निसर्गचित्रे काढीत राहिले. धुरंधर मुंबईत राहिले. एकाच गावच्या, एकाच शाळेतल्या या दोन चित्रकारांच्या कलेला जे वेगवेगळे वळण लागले, त्यात राहण्याच्या जागेचा वाटा किती मोठा होता, हे यावरून ध्यानी येते. आबालाल छापील पानावर क्वचितच भेटतात. धुरंधर मात्र घराघरांत पोहोचले.

१८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले ते चित्र होते. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ज्या शाळेत ते शिकले तिथेच त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. म्हणजे मान मिळाला, पगार सुरू झाला आणि मुंबईत पाय रोवले गेले. नेमक्या त्याच वर्षी, १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, मुंबईत प्लेग शिरला. लोक घरे टाकून पळत होते, गल्ल्या ओस पडत होत्या. धुरंधरांची पहिली पत्नी बापूबाई या प्लेगमध्ये गेली. सुरू झालेला संसार असा पाहता पाहता मोडला.

त्यानंतर त्यांनी दुसरा विवाह केला. या दुसऱ्या पत्नीचे नाव गंगूबाई. मित्रहो, माझ्या आजच्या बोलण्याचा मध्यबिंदू येथे आहे. त्या काळी मनुष्याकृती रंगवू इच्छिणाऱ्या हिंदी चित्रकारापुढे एक मोठी अडचण असे. शाळेत प्लास्टरच्या मूर्तींवरून हात बसे, पुरुष मॉडेल मिळे. पण घरंदाज स्त्री चित्रकारासमोर तासन्‌तास बसणार कशी? समाजाला ते मुळीच प्रशस्त वाटत नसे. आणि ज्याला लुगड्याची चुणी, पदर सावरणारा हात, खोपा घालताना वळलेली मान काढावयाची आहे, त्याचे काम मूर्तीवरून भागत नाही. धुरंधरांची ही अडचण त्यांच्या घरातच सुटली. गंगूबाई त्यांच्या अनेक चित्रांसाठी बसल्या. पत्नीची कितीतरी रेखाटने त्यांनी केली. विवाहाने केवळ घर पुन्हा उभे राहिले असे नाही. त्यांच्या चित्रशाळेला त्या घरानेच आधार दिला.

आता त्यांची चित्रे असलेले ग्रंथ पाहा. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या १९१२ च्या आवृत्तीत धुरंधरांची चित्रे आहेत. त्यांत मुंबईच्या गल्ल्यांतले जीवन आहे. सी. ए. किंकेड यांच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या १९१४ च्या पुस्तकालाही त्यांचीच चित्रे आहेत. हे किंकेड म्हणजे पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे सनदी अधिकारी. पुस्तकाचे नाव इंग्रजी असले तरी आतील मजकूर तुमच्याआमच्या आजीच्या तोंडचा आहे. श्रावणात घरोघर वाचल्या जाणाऱ्या आदितवार, सोमवार, शुक्रवारच्या कहाण्यांचेच ते इंग्रजी रूप. १९२० साली ऑटो रॉथफील्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ निघाले. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. निरनिराळ्या प्रांतांच्या, जातींच्या, धर्मांच्या स्त्रिया आपापल्या वेषांत तेथे उभ्या आहेत.

हे तिन्ही लेखक साहेब होते, सनदी नोकरीतले होते. हिंदी माणसाकडे नमुना म्हणून पाहण्याची, त्याचे जातवार वर्गीकरण करण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी या ग्रंथांत आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. रॉथफील्डच्या पुस्तकाची मांडणीच तशी आहे. परंतु चित्रांकडे मजकूर बाजूला ठेवून पाहिले की काही निराळे जाणवते. लेखक स्त्रीचे वर्णन तिच्या जातीने सुरू करतो; चित्रकार तिच्या उभे राहण्यापासून सुरू करतो. ओचा कसा धरला आहे, ओझे कोणत्या कुशीवर आहे, पाऊल जोडव्यांचा भार घेऊन कसे पडते, हे त्याने जवळून पाहिलेले असते. हे जवळून पाहणे दौऱ्यावर निघालेल्या अधिकाऱ्याला साधणारे नव्हते. त्यासाठी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचलेली नजर हवी होती, आणि धुरंधरांना ती संसाराने दिली असे मला वाटते.

छापील चित्राला त्या काळात किती वाव होता हेही ध्यानी घेतले पाहिजे. पुण्याच्या चित्रशाळेची आणि राजा रविवर्म्यांच्या मुंबईतील छापखान्याची शिळाछापाची चित्रे घरोघर भिंतींवर गेली होती. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढून सचित्र मासिकाची गोडी लावली. १९१६ मध्ये हाजी महंमद अल्लारखिया यांनी मुंबईत ‘वीसमी सदी’ हे देखणे गुजराती मासिक सुरू केले. त्यातही धुरंधरांची चित्रे आहेत. याखेरीज त्यांची पोस्टकार्डे निघाली. एक आण्याचे तिकीट लावून माणसे त्यांची चित्रे विलायतेला पाठवू लागली. दिवसा शाळेत शिकवावे आणि उरलेल्या वेळात प्रकाशकांची, मासिकांची कामे पुरी करावीत, असा हा उद्योग होता. त्यांची मोठी तैलचित्रे, ऐतिहासिक प्रसंग, राजेरजवाड्यांची कामे आहेत. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. १९२९ च्या सुमारास नव्या दिल्लीच्या सचिवालयात विधी-सभासदांच्या दालनासाठी त्यांनी चित्रमालिकाही केली. परंतु सामान्य माणसाच्या हाती जे आले ते पुस्तकाचे पान आणि पोस्टकार्ड.

१९३१ मध्ये ते शाळेतून निवृत्त झाले. १९४० साली त्यांचे आत्मवृत्त प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. शीर्षकच विचार करण्याजोगे आहे. जन्मापासून नव्हे, विवाहापासून नव्हे, तर १८९० मध्ये शाळेच्या दारात पाऊल ठेवले तेव्हापासून ते बाहेर पडेपर्यंत, असा हा हिशेब. शाळेला ते मंदिर म्हणतात. मराठीत चित्रकाराने लिहिलेल्या आत्मवृत्तांत या ग्रंथाचे स्थान मोठे आहे. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले.

पण हिशेब येथे संपत नाही. त्यांची कन्या अंबिका याही जे. जे. मध्ये शिकून चित्रकार झाल्या. घरात चित्रकला होती म्हणून मुलगी त्या शाळेत गेली; त्या पिढीत ही गोष्ट लहान नव्हती. वडिलांचा चित्रसंग्रह त्यांनी पुढे आयुष्यभर सांभाळला. त्यांनीही ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने आपल्या आठवणी लिहिल्या. माझी सूचना अशी की वाचकांनी ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. बापाने शाळेची वर्षे मोजली. मुलीच्या आठवणींत घराचे दार उघडते. दोन्ही वाचल्याशिवाय त्या चित्रांमागचा माणूस पुरता दिसत नाही.

२०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले. त्यांचे नाव आता पुन्हा घेतले जाते, मूळ चित्रांना मोल आले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तिला दुसरी बाजू आहे आणि ती थेट आपल्यासारख्या वाचनालयांशी येऊन भिडते. ज्या चित्राला बाजारात किंमत येते, त्याचे छापील पानसुद्धा पुस्तकातून नाहीसे होऊ लागते. जुन्या ग्रंथसंग्रहांत मजकूर पूर्ण आणि चित्रे मात्र ब्लेडने कापून नेलेली, असे ग्रंथ मी पाहिले आहेत. चोरी झाली हेही कित्येकदा कोणाला कळत नाही. कारण पुस्तकात मुळात किती चित्रे होती, कोणाची होती, याची नोंदच नसते. कार्डावर ग्रंथनाम असते, लेखक असतो, प्रकाशक असतो, पृष्ठसंख्या असते. वेगळ्या कागदावर छापून मध्ये बांधलेली चित्रे त्या पृष्ठसंख्येतही मोजलेली नसतात. ज्याची नोंद नाही ते हरवले असे म्हणण्याची सोयही राहत नाही.

हेच थोडे पुढे नेऊन पाहा. वाचनालय चित्रकाराचे नाव नोंदवीत नाही. चित्रकाराचा ग्रंथ गंगूबाईंचे नाव सांगत नाही. ‘विमेन ऑफ इंडिया’मध्ये किंवा त्या पोस्टकार्डांत कोणत्या आकृतीला त्यांचा हात, त्यांची मान, त्यांची बसण्याची ढब लाभली आहे, हे छापील पानावर कोठेही लिहिलेले नाही. चित्राखाली जात लिहिली, प्रांत लिहिला. समोर बसलेल्या बाईचे नाव राहून गेले. बापूबाईंचे तर चित्रातही काय उरले असेल ते असो. एका माणसाच्या कामात किती जणांचे आयुष्य गुंतलेले असते, आणि नोंदवहीच्या एका ओळीत त्यातले किती थोडे येते!

म्हणून या शतकमहोत्सवी वर्षात कार्यकारी मंडळाला माझी एक नम्र विनंती आहे. तिला फारसा खर्च नाही. चार-दोन निष्ठावान सभासदांचे थोडे श्रम मात्र लागतील. आपल्या कपाटांतले जुने सचित्र ग्रंथ आणि मासिकांचे बांधीव खंड एकेक करून खाली काढावेत. प्रत्येकात किती चित्रे आहेत ती मोजावीत. चित्राच्या कोपऱ्यात सही असेल ती वाचावी. धुरंधरांची असेल, दलालांची असेल, मुळगावकरांची असेल, किंवा ज्याचे नाव आज कोणालाही सांगता येणार नाही अशा एखाद्याची असेल. ते नाव आणि ती संख्या कार्डावर आणि दाखल नोंदवहीत लेखकाच्या नावाखाली लिहावी. जेथे सही वाचता येत नाही तेथे ‘सही अस्पष्ट’ एवढे तरी लिहावे. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला शोधाची सुरुवात करण्यास तेवढे पुरे होईल.

आणि पालकांनी आपल्या मुलांच्या हाती सचित्र पुस्तक देताना लेखकाच्या नावाबरोबर चित्रकाराचेही नाव वाचून दाखवावे. सवय तेथूनच लागते.

गेल्या शंभर वर्षांत या वाचनालयाने लेखकांची नावे निष्ठेने जपली. दुसऱ्या शतकात त्या नावांच्या शेजारी चित्रकारांची नावे यावीत, एवढी इच्छा व्यक्त करतो.