अक्षर बिघडते तेव्हा



वळणदार अक्षराच्या मुलीचे अक्षर एकाएकी बिघडते, ती स्थिर बसत नाही, क्षुल्लक कारणाने रडते. तेव्हा गुरुजी तिला हूड समजून रागावतात. परंतु हा दोष स्वभावाचा नसून गळ्यातील अवटू, म्हणजे थायरॉईड, ग्रंथीच्या अतिस्रावाचाही असू शकतो. मुलींत हा विकार मुलांपेक्षा अधिक आढळतो. भरपूर जेवूनही वजन घटते, थंडीतही घाम सुटतो, नाडी जलद चालते, पसरलेली बोटे कापतात, पायऱ्या चढताना मांड्या गळून जातात. कधी डोळे वटारल्यासारखे दिसतात. अशी लक्षणे एकत्र दिसल्यास शिक्षकाने पालकांना विश्वासात घेऊन मुलीस डॉक्टरांकडे पाठवावे. रक्ततपासणीने निदान होते व औषधाने विकार आटोक्यात येतो. तोवर वर्गात तिला कोणी आळशी वा उनाड म्हणू नये.