आमटीला चवच नाही!

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचा मजकूर)



मघाशी सर्वांना लिमलेटची गोळी वाटली आहे. आता नाक चिमटीत धरा आणि गोळी तोंडात टाका. काय लागतं? गोड, थोडं आंबट. बस्स. आता नाक सोडा. आलं ना संत्रं?

हेच मला सांगायचं आहे. गोड, खारट, आंबट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसाची ‘उमामी’ नावाची चव, एवढंच जिभेला कळतं. बाकी सगळी ‘चव’ घशामागून नाकात जाणाऱ्या वासातून येते. म्हणून ‘तोंडाची चव गेली’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा खरं तर वास गेलेला असतो.

आता घरचीच गोष्ट सांगते. माझ्या सासूबाई वर्षभर रोज म्हणायच्या, “आमटीला चवच नाही.” मला वाटायचं, सुनेच्या हातचं आवडत नाही. त्या वरून मीठ घेत, मिरची चावत. त्यावरून आमच्यात अबोलाही झाला. एका दुपारी शेजारच्या काकूंनी जोरात दार वाजवलं. आमच्या स्वयंपाकघरात गॅस गळत होता आणि सासूबाई तिथेच शांतपणे भाजी निवडत बसल्या होत्या! गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मिसळतात. त्यांना तेही आलं नव्हतं. घरात कान-नाक-घशाची डॉक्टर असून मला वर्षभर कळलं नाही, याची आजही लाज वाटते.

हे दुर्मीळ नाही. अमेरिकेच्या 2012 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत चाचणी घेतली, तेव्हा चाळिशीपुढच्या साधारण आठांतल्या एकाला वास नीट ओळखता आला नाही. ऐंशीच्या पुढे हे प्रमाण जवळपास 40 टक्के होतं. वास हळूहळू जातो, त्यामुळे अनेकांना स्वतःलाही पत्ता नसतो.

कारणं अनेक. वय हे एक. सर्दी-फ्लूसारखे विषाणू हे दुसरं. कोविडने तर ते सर्वांनाच शिकवलं. जुनाट सायनस आणि नाकातले कोंब यांमुळे वास वरपर्यंत पोहोचतच नाही. हे बऱ्याचदा उपचारांनी सुधारतं. डोक्याला मार लागला की नाकाच्या छतातून मेंदूकडे जाणारे नाजूक मज्जातंतू तुटू शकतात, म्हणून दुचाकीवर हेल्मेट घाला. तंबाखू आणि डोक्या-मानेला दिलेलं रेडिएशन हीदेखील कारणं आहेत. रक्तदाबाच्या किंवा अँटिबायोटिकच्या काही गोळ्यांनीही चव बिघडते; पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. क्वचित पार्किन्सन किंवा अल्झायमरची ही पहिली खूण असते. लगेच घाबरू नका, पण तपासून घ्या. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल किंवा ती सतत बंद राहत असेल, तर अजिबात थांबू नका.

उपाय? गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीसेक सेकंद, मन लावून हुंगायचे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2009 मध्ये ही पद्धत मांडली. तीन-चार महिने चिकाटी हवी. सर्वांना गुण येतोच असं नाही. सासूबाईंना लवंग परत आली, गुलाब नाही.

घरात एवढं तरी कराच. महिन्यातून एकदा ज्येष्ठांना डोळे मिटून हिंग किंवा कॉफी ओळखायला सांगा. ओळखता आली नाही, तर गॅस डिटेक्टर बसवा, रेग्युलेटर रात्री बंद करा, उरलेल्या अन्नावर तारीख लिहा. मीठ मोजून घाला. चव लागेना म्हणून ते वाढत जातं आणि रक्तदाबही. त्याऐवजी लिंबू पिळा, कुरकुरीत काहीतरी वाढा. तिखटाची जळजळ वेगळ्या मज्जातंतूतून कळते, म्हणून तेवढं त्यांना जाणवतं. पण पोटाला झेपेल इतकंच.

आणि शेवटचं. घरातलं वडीलधारं माणूस “चव नाही” म्हणालं, तर रागावण्याआधी त्याच्या नाकाशी लवंग धरा. मी वर्षभर उशीर केला. तुम्ही करू नका.