फोटो खोटा नाही, पण अर्धा आहे

(चिखलदरा तालुक्यातल्या वनहक्क बैठकीत केलेलं भाषण)



आपण दावा घेऊन गेलो की सायेब म्हणतात, "सॅटेलाइटच्या फोटोत तुमचं वावर दिसत नाही, तिथं जंगल आहे." पेपरात तेच 'अतिक्रमण' म्हणून छापून येतं. आपण गप्प बसतो. गप्प बसू नका, आन फोटो खोटा आहे असंही म्हणू नका. तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे सायेबाले आणि पत्रकाराले समजावून सांगा.

पहिली गोष्ट. देशाच्या जंगलाचा अहवाल भारतीय वन सर्वेक्षण काढते. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या फोटोत एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे साडेतेवीस मीटर लांब, तेवढेच रुंद. सुमारे साडेपाच गुंठे. कुटकी, धुरा, मोहाचं झाड, सगळ्यांचा मिळून एकच रंग.

दुसरी. एक हेक्टरवर दहा टक्के झाडांचं छत्र असलं की तो अहवाल त्याले वनआच्छादन धरतो. जमीन कोणाची, हे पाहत नाही. आंब्याची बागही त्यात येते. आपण वावरातला मोह तोडत नाही, म्हणून आपलं वावरही जंगल दिसू शकते.

तिसरी. पावसाळ्यात ढग आडवे येतात, म्हणून फोटो बहुतेक पावसाळ्यानंतरचे. तोवर वावर मोकळं झालेलं असू शकते. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी ते कोण कसत होतं, हे कोणत्याच फोटोत दिसत नाही.

कायद्यालेही हे माहीत आहे. २०१२ च्या दुरुस्ती नियमांत लिहिलं आहे की सॅटेलाइटचा फोटो इतर पुराव्याले जोड म्हणून चालेल, त्याच्या बदली चालणार नाही. २०१३ मध्ये गुजरात हायकोर्टानंही फक्त फोटोवर दावे फेटाळणं मान्य केलं नाही. १३ फेब्रुवारी २०१९ ले सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना काढायचा आदेश दिला. २८ तारखेले तो थांबवला, आणि दावे कसे फेटाळले ते राज्यांना विचारलं. म्हणून पत्रकाराले सांगा, फेटाळलेला दावा म्हणजे अतिक्रमणाचा पुरावा नाही.

पण म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीलेही मर्यादा आहे. म्हणून नियम १३ एकापेक्षा जास्त पुरावे पाहायले सांगतो. दावेदार सोडून दुसऱ्या बुजुर्गाचा लेखी जबाब घ्या. त्याले दगडी धुरा, विहीर, मुठवादेवाची जागा, स्मशान, जुना कागद जोडा.

फोटो पुढे आला की तीन प्रश्न लेखी विचारा. फोटो कोणत्या तारखेचा? त्यातला ठिपका केवढा? जागेवर येऊन कोणी पाहिलं? दावा फेटाळला तर कारण लेखी मागा, आणि ६० दिवसांच्या आत अपील करा.

फोटो वरून काढतात. वावर खाली येऊन पाहावं लागते. त्यायले बोलवा, धुऱ्यावर उभं करा, दाखवा.

जोहार.