परवलीचे शब्द आणि त्यांची तिजोरी
(ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



परवलीचा शब्द सांगितल्यावाचून पहारेकरी आत सोडीत नसे, हे आम्ही वर्गात मुलांना सांगत असू. आज प्रत्येक गृहस्थापाशी असे पाचपन्नास दरवाजे आहेत : बँक, पेन्शन, विजेचे बिल, पालिकेचा कर. इतके शब्द पाठ राहणे अशक्य. म्हणून लोक एकच शब्द सर्वत्र योजितात, आणि एक कुलूप फुटले की सारा वाडा उघडा पडतो.

डोंबिवलीच्या आमच्या एका आप्तांचा मोबाईल गतवर्षी ठाणे स्थानकाच्या गर्दीत गेला. सारे शब्द त्यातच टिपलेले. घरच्या संगणकावर प्रत नाही. पैसे बँकेत सुखरूप होते, परंतु आठ दिवस बिचाऱ्यांना त्यांचे दर्शन घडले नाही.

यावर उपाय पासवर्ड मॅनेजरचा. एक मुख्य शब्द आपण स्मरावा, बाकीचे तिजोरीने सांभाळावे. 2003 पासून चालत आलेले ‘कीपास’ विनामूल्य आहे. त्यात सारे शब्द एका कूटबद्ध फायलीत राहतात, मात्र ती फाईल यंत्रायंत्रांवर आपणच न्यावयाची. मोबाईल व संगणक दोहोंवर निरनिराळे बदल झाले आणि एका प्रतीने दुसरीला झाकले, तर नवा शब्द गेलाच म्हणावयाचा. ज्याची रोजकीर्द कधी चुकत नाही, त्यानेच या वाटेस जावे. इतरांसाठी आमचा कौल 2016 साली निघालेल्या ‘बिटवॉर्डन’ला. तेही विनामूल्य मिळते, आणि कितीही यंत्रांचा मेळ आपोआप घालते.

परक्याच्या दप्तरी आपल्या किल्ल्या कशा ठेवाव्या? शंका रास्त आहे. 2022 मध्ये ‘लास्टपास’ कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीस गेल्या. त्यांतील परवलीचे शब्द कूटबद्ध होते खरे; पण नातवाचे नाव व जन्मसाल हाच ज्याचा मुख्य शब्द, त्याचे कुलूप चोर निवांत बसून फोडू शकतो. तेव्हा चारपाच असंबद्ध शब्द जोडून तो लांब करावा. विसरल्यास बिटवॉर्डनही तो देऊ शकत नाही, कारण तो तिच्यापाशी नसतोच.

आणखी एक पेच आहे. दुहेरी पडताळणी लावलेली नसेल, तर 2025 पासून नव्या यंत्रावर बिटवॉर्डन ई-मेलने आलेला संकेतांक मागते. ई-मेलचा शब्द तिजोरीतच कोंडलेला असला तर? पेटीला कुलूप, आणि किल्ली पेटीत! यास्तव मुख्य शब्द, ई-मेलचा शब्द व ई-मेलचे राखीव संकेतांक शाईने कागदावर लिहून, लिफाफा बंद करून कपाटात ठेवावा, आणि जागा सहधर्मचारिणीस सांगून ठेवावी. आपल्यामागे तिने कोणाकोणाच्या दारी ताटकळावे?

ज्यांनी मोबाईल आणले असतील त्यांनी सभेनंतर मागच्या बाकांपाशी यावे. आपल्याच ज्ञातीतील दोन महाविद्यालयीन मुली मांडणी करून देण्यास तेथे बसल्या आहेत. मुख्य शब्द मात्र त्यांनाही सांगू नये.