मुळशीचं धरण आणि आपली कंपनी



दहा शेतकऱ्यांना मिळून उत्पादक कंपनी काढता येते, ही सोय २००२ च्या कायद्यानं झाली. पण विषय निघाला की आपणच विचारतो : मोठ्या पगाराचा हुशार माणूस आणल्याशिवाय कंपनी चालेल का?

इथं मुळशीतच बघा. टाटा कंपनीनं मुळेचं पाणी अडवून कोकणात भिरा इथं उतरवलं. १९२७ पासून तिथं वीज होते. टाटांच्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. इंजिनियर अव्वल होते, नाकारत नाही. पण नुसत्या अकलेवर धरण झालं नाही. जमीन मावळ्यांची होती, ती सरकारनं कायद्याच्या जोरावर घेऊन दिली. १९२१ पासून सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, तुरुंगात गेले. तरी गावं बुडाली.

आपल्यामागं ना सरकार, ना भांडवल. आपलं बळ म्हणजे आपला माल आणि एकमेकांचा भरवसा. चार पैसे जास्त दिसले म्हणून सभासदानंच कापूस व्यापाऱ्याला घातला, तर अव्वल मॅनेजर काय करील? हिशेबाचा आणि प्रतवारीचा जाणकार जरूर नेमू, पगारही रास्त देऊ. पण त्याआधी आपला कापूस, आपली ज्वारी आपल्याच काट्यावर घालायची, एवढा शब्द आज एकमेकांना देऊ.