एकट्या पालकाचा स्वतःचा वेळ



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हा विषय दिला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. मी काही वक्ती नाही. बी.ए. झाले, बँकेत क्लार्क म्हणून लागले आणि गेली वीस वर्षे काउंटरवर आहे. कार्यकर्ते म्हणाले, "ताई, तुम्ही एकटीने मुलगी वाढवली, तेच सांगा." पण तेवढेच सांगितले तर तुम्ही कौतुकाने टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. म्हणून मुलीबद्दल थोडे आणि वेळेबद्दल जास्त बोलणार आहे.

२०१५ साली मी मुलीला घेऊन नागपुरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला आले. ती तीन वर्षांची होती. मी विधवा नाही, घटस्फोटित आहे. हे मुद्दाम सांगते, कारण विधवेला समाज निदान सहानुभूती देतो. सोडून आलेलीला मात्र प्रश्नच विचारतो.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्या महिन्यात बँकेत काम केलेल्या माणसाला त्याचे वर्णन सांगावे लागत नाही. शनिवार-रविवारही बँका उघड्या होत्या. मी रात्री नऊ-दहाला घरी यायची. मुलगी शेजारच्या मावशींकडे झोपलेली असायची, तिला खांद्यावर टाकून जिना चढायचा. त्यानंतर जानेवारीत एक दिवस माझ्या हातून दहा हजार रुपये जास्त दिले गेले. कॅश जुळेना. कोणाला गेले तेही सापडले नाही. आमच्याकडे कॅश कमी पडली की कॅशियरने भरायची असते. मी भरली. दोन महिने दूध अर्धा लिटरवर आले. त्या रात्री मुलीने पाणी मागितले म्हणून मी तिच्या अंगावर ओरडले. पैसे गेले त्याचे आज काही वाटत नाही, त्या ओरडण्याचे वाटते.

डॉक्टरांनी तपासले. रोग काही नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःसाठी शेवटचे कधी बसलात?" मला उत्तर देता आले नाही.

आता कायद्यात काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी ७३० दिवसांची रजा मिळते, आणि २०१८ च्या डिसेंबरपासून ती एकट्या पुरुष पालकालाही लागू झाली. ही चांगली गोष्ट आहे. पण आम्हा बँकवाल्यांचे रजेचे नियम वेगळे. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. आमच्या शाखेत माणसे अकरा! शिवाय या सगळ्या सोयी मुलासाठी आहेत, त्याच्या आजारपणासाठी, परीक्षेसाठी. आईने विसावा घ्यावा म्हणून कोणी रजा देत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे मांडले होते. ते बाळंतपणाबद्दल होते. पण विश्रांती हा शब्द तिथे आहे, आणि मी तो पुढे ओढते आहे. तुम्ही क्षमा कराल.

मला वाट सापडली ती इथेच. रविवारच्या वंदनेला एक नर्सताई यायच्या. त्यांचेही तसेच, दोन मुले आणि शिफ्टची नोकरी. आम्ही ठरवले, दुसऱ्या शनिवारी त्यांनी माझी मुलगी तीन तास ठेवायची, चौथ्या शनिवारी मी त्यांची मुले. सप्टेंबर २०१५ पासून बँकांना हे दोन शनिवार सुटी असते, म्हणून जमले. पैशाचा व्यवहार नाही, उपकाराचा तर अजिबात नाही. उपकार असता तर चार महिन्यांत मला लाज वाटून बंद पडले असते.

पहिल्या शनिवारी मी काय केले? फुटाळा तलावावर जाऊन बसले. शेंगदाणे खाल्ले. बाकी काही नाही. सोमवारपर्यंत वस्तीत बातमी पोहोचली होती की बाई पोरगी दुसऱ्याकडे टाकून तलावावर बसते. एका आजींनी तोंडावर विचारले, "कोणासोबत होतीस?" मी म्हटले, "शेंगदाण्यांसोबत." पण हसून सांगितले तरी महिनाभर गेले नाही मी. तो महिना मला फार लागला.

नंतर वाचनालयात जाऊ लागले. मराठीच्या एम.ए.ला बाहेरून नाव घातले, दोनदा सोडले, तिसऱ्यांदा पूर्ण केले. मुलगी आता तेरा वर्षांची आहे. दुसऱ्या शनिवारी तीच म्हणते, "आई, तुझी वेळ झाली."

नर्सताईंची दोन वर्षांपूर्वी बदली झाली. माझी मुलगी मोठी झाली म्हणून माझे भागले. पण आपल्या वस्तीत लहान मुले घेऊन एकट्या राहणाऱ्या निदान पाच बाया मला माहीत आहेत, आणि एक बाप. तो तर कोणाला सांगतही नाही.

खालच्या हॉलला सोमवार ते शनिवार कुलूप असते. संध्याकाळी सहा ते आठ तो उघडा ठेवावा, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी आपला अभ्यास तिथे बसून करावा आणि लहान मुलांकडे लक्ष ठेवावे, एवढीच माझी कार्यकारिणीला विनंती आहे. विजेचे बिल थोडे वाढेल, त्यातला वाटा मी देईन. किल्ली माझ्याकडे राहिली तरी चालेल. फक्त दुसऱ्या शनिवारी दुसरे कोणीतरी पाहा.