काडेपेटीतला आजार



स्नेहसंमेलनात आजारपणाचा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण अंबरनाथ पूर्वेला बोलावलंत, तर मला काडेपेटीबद्दल बोलायलाच हवं.

रुळांपलीकडे, पश्चिमेला विम्को नाका आहे. ज्या काडेपेटीच्या कारखान्यामुळे त्याला हे नाव मिळालं, तिथे तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-पणजोबा कामाला असतील. एकोणिसाव्या शतकात युरोपात आगकाड्यांना पांढरा फॉस्फरस लावत. त्याची वाफ रोज कामगारांच्या नाकातोंडात जायची. आधी दाढ ठणकायची, मग हिरड्या सुजायच्या, शेवटी जबड्याचं हाड कुजायचं. कित्येक जण त्यातच गेले. १८८८ साली लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी संप केला, तेव्हा या हालांकडे लोकांचं लक्ष गेलं.

हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नव्हता. त्याला जंतू नव्हता, त्यामुळे लसही नव्हती. कारण समोरच्या कामात होतं, आणि ते काढून टाकता येत होतं! १९०६ साली बर्नच्या करारात काही देशांनी पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घातली. भारतात १९१३ साली तसा कायदा झाला. विम्को कंपनी १९२३ची, म्हणजे अंबरनाथची काडी त्यानंतरची. तोवर तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेवर गेला होता.

आज आपल्या घरोघरी असेच एकाचे दुसऱ्याला न लागणारे आजार आहेत: शुगर आणि बीपी. आजारी माणसालाच आपण बोल लावतो: गोड खाल्लं, चालला नाही, ऐकलं नाही. मला हे पटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून आसपासच्या सहा गावांतल्या आया आणि बाळं अभ्यासत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण त्या मानानं जास्त. म्हणजे मधुमेहाची एक वाट आईच्या पोटातूनच, तिच्या खाण्यापिण्यापासून सुरू होते. म्हणून मुलींनो, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरेल ते खायचं, हे तुमच्या घरात चालत असेल तर आजपासून बंद करा. मुलग्यांनो, तुम्हीही त्यावर बोला.

कामातून आजार आजही येऊ शकतो. ज्यांचे आईबाबा आनंदनगर एमआयडीसीत कामाला आहेत, त्यांनी त्यांना विचारा: पिंपात काय असतं? मास्क मिळतो का? मशीनच्या आवाजानं कान बधिर होतात का? १९४८च्या कारखाने कायद्यात फॉस्फरसची विषबाधा, सिलिकोसिस आणि आवाजानं येणारा बहिरेपणा हे कामामुळे होणारे आजार म्हणून नोंदवलेले होते. असा आजार दिसला की डॉक्टरनं कारखाने निरीक्षकाला कळवायचं, असंही त्यात होतं.

आणि तिशी ओलांडलेल्या आईबाबांची शुगर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. परीक्षा संपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात त्यांना घेऊन जा.